काठी उजव्या हातात

प्रिय टिल्ल्या,

या नावानं तुला हाक मारणारी आता दोनच माणसं उरली आहोत, म्हणून आधी तेवढी हाक मारून घेतली. दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याइतका उंच झालास तरी आमच्या लेखी टिल्ल्याच. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या दीड खोलीत फोन करायचा म्हणजे आईच्या उशाशी बसूनच करायचा. ती म्हणते, 'मोठ्यावर लाव, मला पण ऐकू दे.' मग तू विचारतोस, 'सगळं ठीक ना?' आणि आम्ही दोघी एका सुरात 'ठीक' म्हणतो. तीन महिन्यांपूर्वी तू विचारलं होतंस, 'ताई, रजा मिळतेय, येऊन जाऊ का?' आणि मी म्हणाले होते, गरज नाही. ते 'गरज नाही' मला अजून टोचतंय. त्याबद्दलच लिहायचंय. पण एकदम तिथं उडी मारायचं बळ नाही, म्हणून आधी तुझ्या कॅमेऱ्याची हकीकत सांगते.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, दुकानाच्या मागच्या खोलीत, खोकी बांधायच्या टेबलावर. मालकीणबाई घरी जेवायला गेल्यात. गिऱ्हाइकांना काठ्या-पट्टे मापानं बसवून देणारे फिटरकाका बाकावर आडवे झालेत, तोंडावर रुमाल टाकून. समोर भिंतीला कुबड्या टांगलेल्या आहेत, कोपऱ्यात कमोडच्या खुर्च्या एकीत एक घालून रचल्या आहेत. सतरा वर्षं झाली मला या खोलीत. चालताना आधाराला लागेल ते सगळं आमच्याकडे मिळतं, हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणते. झोपेत पण म्हणत असेन.

तर झालं असं, की बाईंनी ठरवलं, आता दुकान इंटरनेटवर न्यायचं. आधी एक फोटोग्राफर आणला. त्यानं कुबडीवर असा काही अंधार-उजेड पाडला की बाई म्हणाल्या, 'अहो, ही विकायची आहे, हिच्यावर सिनेमा नाही काढायचा.' तो गेला तो गेलाच. मग त्या माझ्याकडे वळल्या. 'तुझ्या भावाचा कॅमेरा आहे ना घरी पडलेला? मग झालं तर!' मी म्हटलं, मला तो चालू कसा करायचा तेही माहीत नाही. 'मला तरी दुकान चालवता कुठं येत होतं?' म्हणाल्या. चौसष्ट वस्तू. रोजचं काम सांभाळून. मला नाही म्हणता येत नाही, तुला माहीतच आहे. फक्त तुला म्हणता आलं.

कपाटाच्या वरच्या खणातून तुझी पेटी काढली. त्यात तू टाकलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या तशाच होत्या, आणि कॅमेऱ्यावर तू गुंडाळलेला तुझा शाळेचा मफलर. आई म्हणाली, 'हळू, त्याचा आहे तो.' माझ्या हातून आजवर या घरात काय काय फुटलंय याची तिच्याकडे यादी आहे.

पहिला आठवडा मी माझेच फोटो काढले म्हण ना. आमच्या वस्तू बहुतेक ॲल्युमिनियमच्या. नळी आरशासारखी. वॉकरचा फोटो काढला की चारही पायांत उभी निळी रेघ. ती माझी ओढणी. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, 'गिऱ्हाइकानं वॉकर मागवला तर तुला पण खोक्यात घालून पाठवायची का?' मग मी फिटरकाकांचा जुना राखाडी कोट चढवायला लागले. पांढरी चादर मागं लावली तर ती पिवळी यायची आणि घडीच्या रेघा अशा दिसायच्या की जणू खुर्ची नकाशावर ठेवलीय. दिवे बंद करून बघितले, खिडकीला पातळ कागद चिकटवला, चादरीला रोज इस्त्री केली. तेव्हा तुला मी चार ओळींचा प्रश्न पाठवला होता, पांढरं पांढरं का येत नाही म्हणून. तुझं उत्तर आलं, 'ऑटोवर ठेव.' रागावले नाही. तू कामात असशील. पण नंतर विचारलं नाही.

हळूहळू जमायला लागलं. सकाळी दहा ते साडेअकरा खिडकीतून जो उजेड येतो तो चांगला, हे माझं मला कळलं. कमोडच्या खुर्चीवर बाईंनी फुलदाणी ठेवायला सांगितली, 'म्हणजे जरा बरं दिसेल', आणि फिटरकाका तीन दिवस हसत होते. खरं सांगू, त्या दीड तासात मला बरं वाटायचं. पहाटे उठून आईचं आवरणं, डबे, दुकान, संध्याकाळी परत आईचं, अंथरुणं, गोळ्या. या सगळ्यात कुणी मला काही बघायला सांगितलं नव्हतं कित्येक वर्षांत. उचल, ठेव, पुस, दे, एवढंच. आता कुबडीच्या टोकाच्या एका रबरी बुटाकडे अर्धा तास बघत बसायचं आणि तेच काम म्हणायचं. मी बाईंना म्हटलं सुद्धा, की माझी नजर तयार होतेय. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

अडलं ते काठ्यांपाशी. वॉकर उभा राहतो, खुर्ची उभी राहते, काठी आपल्या पायावर उभी राहत नाही. भिंतीला टेकवली तर कुणी विसरून गेल्यासारखी दिसते. दोऱ्यानं टांगली तर गोल गोल फिरते. आडवी ठेवली तर बाई म्हणाल्या, 'मेलेला साप.' मग त्यांनीच ठरवलं की काठीला हात पाहिजे. कोपरापासून खाली, वयस्क हात, म्हणजे बघणाऱ्याला मूठ केवढी ते कळेल. आणि सगळ्या फोटोंत उजवाच, म्हणजे सगळे एका माळेतले दिसतील. फिटरकाकांची नखं काळी. बाईंच्या अंगठ्या निघत नाहीत. माझा हात बघून म्हणाल्या, 'तुझा फार तरुण आहे.' चाळिशी उलटल्यावर हे ऐकायला मिळालं याचा आनंद मानून घेतला, आणि म्हटलं, माझ्या आईचा हात चालेल.

आई ऐकेना. 'माझे हात दुकानात लावणार? काय उरलंय त्यांच्यात बघण्यासारखं?' तुला आठवतात ना ते हात? शिंप्याकडून शर्टांचे गठ्ठे यायचे आणि ती खिडकीत बसून काजं करायची. एका शर्टाला सात. आपण दोघं समोर बसून अभ्यास करायचो आणि ती मान वर न करता म्हणायची, 'टिल्ल्या, पान उलटल्याचा आवाज नाही आला बराच वेळ.' तिच्या उजव्या मधल्या बोटाला सुईच्या टोकानं पडलेला खड्डा अजून आहे. मला तो खड्डाच हवा होता फोटोत. शेवटी मी एक थाप मारली. म्हटलं, 'अगं, दुकानासाठी नाही. टिल्ल्याला पाठवायचेत. त्याच्याच कॅमेऱ्यानं काढायचे आणि त्यालाच पाठवायचे.' लगेच कंगवा मागितला. तू पाठवलेला हिरवा स्वेटर काढायला लावला, ज्याची घडी दोन वर्षांत मोडली नव्हती.

तीन सुट्ट्यांच्या दिवशी तिला टॅक्सीनं दुकानात आणलं. खिडकीपाशी उंच स्टूल, हाताला काठी. मी कॅमेरा कोपरावर लावलेला, आणि ती दर वेळी चेहरा सरळ करून, ओठ मिटून, खांदे ताठ करून बसायची. तिच्या समाधानासाठी प्रत्येक काठीमागे एक पूर्ण फोटो काढायचे. बाकीच्यांत चेहरा येत नाही हे सांगितलं नाही. ती काठी घेऊन अशी बघायची, की जणू कॅमेऱ्याच्या आत तू बसला आहेस आणि ती तुझं जेवण झालं का ते बघतेय.

पहिल्या दिवशी छान झालं. दुसऱ्या दिवशी ती लवकर दमली. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं मला रडकुंडीला आणलं. काठी डाव्या हातात घ्यायची. मी म्हणायचे, 'आई, उजव्या.' ती 'हो हो' म्हणायची, बदलायची, मी कॅमेऱ्याला डोळा लावेपर्यंत काठी पुन्हा डावीकडे. पाच वेळा, सहा वेळा. उजेड सरत चाललेला, अजून अकरा काठ्या बाकी, खाली टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलेलं. मी ओरडले, टिल्ल्या. 'लहान मूल आहेस का? एवढी एक गोष्ट करता येत नाही माझ्यासाठी?' तिनं उजवा हात अंगावरच्या शालीत घेतला आणि डावा पुढं केला. मी म्हटलं, राहू दे, घेते तसेच. कॉम्प्युटरवर फोटो आरशातल्यासारखा उलटवता येतो, हे मी त्याच आठवड्यात शिकले होते. डाव्याचा उजवा करायला एक बटण. अकरा फोटो उलटवले आणि हुशारी केल्यासारखी खूश झाले.

गेल्या आठवड्यात सगळे फोटो छापून या टेबलावर मांडले, क्रम लावायला. बाईंनी पाठ थोपटली. फिटरकाका मात्र चष्मा कपाळावर चढवून एकेक जवळून बघत होते. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. सबंध आयुष्य त्यांनी माणसांकडे खालून वर बघण्यात काढलंय. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्यांना कळलेलं असतं कुठला गुडघा दुखतोय आणि सांगताना तो कुठला दुखतो म्हणणार आहे. ते म्हणाले, 'ताई, ही काठी कुठल्या कारखान्याची? हिच्यावरचे आकडे उलटे आहेत.' काठीची उंची कमीजास्त करायला नळीवर आकडे कोरलेले असतात, ते आरशातले झाले होते. मी जीभ चावली. बाई हसायला लागल्या, मी पण हसले, आणि सांगितलं की आईनं कसा छळ मांडला होता. काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, 'आई डावखुऱ्या आहेत?' मी म्हटलं, छे.

मग त्यांनी तिन्ही दिवसांचे फोटो एका ओळीत लावले. पहिल्या दिवशी उजवा हात, मूठ घट्ट, बोटांची पेरं पांढरी. दुसऱ्या दिवशीही उजवाच, पण अंगठा मुठीवरून सुटलेला आणि शेवटची दोन बोटं नुसती टेकलेली. तिसऱ्या दिवशी उलटवून उजवा केलेला डावा. ते हळूच म्हणाले, 'हे कधीपासून आहे?' हे सगळे फोटो मी काढले होते रे. प्रत्येकाकडे मी तासन्‌तास बघितलं होतं. उजेड बघितला, नळीवरची चमक बघितली, मागच्या चादरीची सुरकुती पुसली. सुईचा खड्डा नीट यावा म्हणून केवढी धडपडले. हात बघितला नाही.

त्या संध्याकाळी काका घरी आले, आईच्या काठीचं रबर बदलायच्या निमित्तानं. गिऱ्हाइकांना सांगतात तसं आपली दोन बोटं पुढं करून म्हणाले, 'दाबा बघू जोरात.' आईनं डाव्या हातानं दाबली. 'आता हा.' ती म्हणाली, 'या हातात चष्मा आहे.' चष्मा तिच्या मांडीवर होता. हात त्याच्यावर नुसता ठेवलेला.

डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. तेही खिडकीला धरून बघितले त्यांनी. मेंदूत रक्त अडकून दोन लहान झटके येऊन गेलेत म्हणाले, एक जुना, एक अगदी अलीकडचा. औषधं सुरू केलीत, हाताचा व्यायाम दिलाय. पुढं मोठा येईल का, विचारलं तर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. तारीख कुणी सांगू शकत नाही. 'जुना कधीचा?' मी विचारलं. त्यांनी मलाच उलट विचारलं, 'काही लक्षात आलं होतं का घरी, दोन-तीन महिन्यांपूर्वी?'

आलं होतं. हेच तुला फोनवर सांगता येत नव्हतं. तिच्या हातून एके सकाळी चहाचा कप सुटला. नंतर ती दोन्ही हातांनी कप धरायला लागली, मी म्हटलं, थंडी आहे. सुईत दोरा ओवेना म्हणाली, मी नवा चष्मा करून आणला. कडी लागत नाही म्हणाली, मी कडीला तेल घातलं. प्रत्येक वेळी काहीतरी केलं मी, हे खरं आहे. आणि ज्या आठवड्यात कप फुटला, त्याच आठवड्यात तू विचारलंस, येऊ का. मला वाटलं, तू येणार, आठ दिवस राहणार, आई टवटवीत होणार, तुझ्यासमोर उठून चालून दाखवणार. तू जाताना म्हणणार, 'ताई, आई तर छानच आहे की!' आणि पुढचे दोन महिने मला ऐकायचं की टिल्ल्या होता तेव्हा अंघोळीचं पाणी कसं बरोबर कोमट असायचं. मला ते आठ दिवस नको होते. इतकी दमले होते मी, की मदत घ्यायची म्हटलं तरी तिची पण तयारी मलाच करावी लागणार असं वाटलं. म्हणून म्हणाले गरज नाही. तुझ्या सुरात एक सुटका ऐकू आली होती तेव्हा, तिचाही राग धरला. आता नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही श्वास सोडला असता.

आता जे सांगते त्यासाठी हे पत्र. परवा आईला व्यायाम देत होते. मऊ चेंडू तिच्या मुठीत ठेवायचा आणि तिनं दाबायचा, बोटं मात्र मलाच मिटून द्यावी लागतात. मी विचारलं, 'मला का नाही सांगितलंस गं? मी घरातच होते.' तिनं डाव्या हातानं चेंडू बाजूला ठेवला. मग म्हणाली, 'तुला सांगणारच होते. पण फोटो त्याला जाणार होते ना. उजवा पडलेला दिसला असता तर नोकरी टाकून धावत आला असता वेडा. डावा बरा दिसत होता.' म्हणजे मी तिला ओरडत होते तेव्हा ती तुझ्यापासून हात लपवत होती, आणि फोटो तुला जाणारच नव्हते. मी थाप मारली होती. ती तीन सुट्ट्या नटून बसली ती त्या थापेपुढं. आणि रोज सकाळी चहा झाला की विचारते, 'पोचले का गं? काय म्हणाला?' मी रोज म्हणते, वाटेत असतील. सोबत त्यांतले तेरा फोटो ठेवलेत, पूर्ण, चेहऱ्यासकट, एकही उलटवलेला नाही. तिसऱ्या दिवशीच्यांत शालीच्या घडीकडे बघ, उजवा हात तिथं आहे. आज संध्याकाळी पाकीट टाकते, म्हणजे उद्या सकाळी निदान 'वाटेत आहेत' हे तरी खरं असेल. टिल्ल्या, मी तेव्हा चुकीचं सांगितलं. गरज आहे. तिला आहे आणि मलाही आहे. आठ दिवसांची रजा नको काढूस, जास्त काढ, आणि आल्यावर मला एक दिवस नुसतं झोपू दे. फोन करून तिला काही कळवू नकोस. फोटो पोचले, हे तिला तूच येऊन सांग.

तुझीच,
कॅमेरा इतक्यात परत न देणारी,
ताई